बोअरच्या गढूळ व्हिडिओतून जाळी बंद की चालू, हे कॉम्प्युटरला ओळखता येईल का?

तापीखोरे

नमस्कार मंडळी.

माझा मेहुणा यावल तालुक्यात बोअरमध्ये कॅमेरा सोडायचं काम करतो. केळीवाल्यांची मोटर पाणी कमी फेकायला लागली की आधी कॅमेरा, मग कॉम्प्रेसरने दाबाची हवा मारून सफाई आणि तरीही जमलं नाही तर नवा बोअर, असा क्रम हल्ली पडलाय. आमचा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यावल-रावेर-चोपडा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा गाळाचा जाड थर. नुसतं भोक पाडून सोडलं तर ते ढासळतं. म्हणून वरून खालपर्यंत केसिंग घालायचं आणि पाण्याच्या थरासमोर चिरा पाडलेला पाईप, म्हणजे जाळी. बारीक रेती, क्षार आणि लोखंडाचा चिकट तांबूस थर बसून या चिरा हळूहळू बुजतात. थरात पाणी असतं, पण ते पाईपात येत नाही.

फुटेज पाहिलंत तर डोक्याला हात लावाल. कॅमेऱ्याच्या काचेभोवतीच एलईडीची कडी, त्यामुळे पाण्यातला कण न् कण चमकतो. कडेची भिंत पांढरीफटक, मध्ये काळं भोक. त्यात डीव्हीआरने (व्हिडिओ साठवणाऱ्या डब्याने) दाबून साठवलेला व्हिडिओ आणि कोपऱ्यात खोलीचे आकडे. मेहुणा अनुभवाने सांगतो, "निम्मी जाळी बुजली." शेतकरी विचारतो, कशावरून? त्याचं काही चुकत नाही, त्याचे लाखांतले पैसे त्या एका वाक्यावर अडकलेले असतात.

मला दोन गोष्टी हव्यात. चित्र साफ व्हावं, आणि दर दहा फुटांत किती चिरा उघड्या, किती बंद, हे कॉम्प्युटरने रंगवून दाखवावं. मी जळगावला सॉफ्टवेअरचं काम करतो, पायथन आणि ओपनसीव्ही (चित्रांवर काम करायची तयार साधनं) येतं. आतापर्यंतचा हिशोब असा: क्लाहे (चित्राच्या तुकड्यातुकड्यात उजेड-अंधाराचा फरक वाढवणारी रीत) लावलं तर चिरांबरोबर कणही उठून दिसायला लागले. ग्रे-वर्ल्ड (रंगांचा झुकाव काढणारी रीत) लावलं तर निळा पाईप राखाडी झाला आणि पांढरे क्षार नारिंगी दिसायला लागले, म्हणजे गंजासारखे. समुद्राच्या फोटोंवर शिकवलेलं एक तयार न्यूरल नेटवर्क चालवलं तर चित्र देखणं आलं, पण मूळ फ्रेममध्ये जिथे चीर दिसत नाही तिथेही एखादी चीर दिसायला लागली. मला या शेवटच्याची खरी भीती वाटते.

कोणी यातलं जाणकार आहे का?

केळीबाग_रावेर

कॉम्प्युटरचं मला कळत नाही, बोअरचं कळतं. मोटर ओढून काढल्या काढल्या कॅमेरा सोडू नका. मोटर-पाईप वर येताना भिंतीचा सगळा मळ सुटतो. निदान रात्रभर तसंच राहू द्या. टँकरचं स्वच्छ पाणी वरून हळूहळू सोडलं तर आणखी फरक पडतो. आणि कॅमेरा उतरतानाचंच चित्र धरा. एकदा तळाला टेकला की गाळ उठतो, मग वर येताना काही दिसायचं नाव नको.

अहिरानी_गडी

भाऊ, कॉम्प्युटर ते ठीक शे, पन बोअरमा पानीच नही ते फोटो कसाना काढशी?

तापीखोरे

पानी नही हाई सांगाले बी कॅमेराच लागस, भाऊ :)

केळीबाग दादा, रात्रभर थांबायचं मेहुण्याला सांगतो. गिऱ्हाईक ऐकेल की नाही हा प्रश्न आहे, उन्हाळ्यात बागेला एक दिवस पाणी चुकलं तरी जीव वरखाली होतो.

पांझराकाठ

मूळ धुळ्याचा, सध्या पुण्यात, पोटापाण्याचं काम चित्रांवरचंच. थोडं लांब लिहितो.

तुमच्या तिन्ही प्रयोगांचं जे झालं ते व्हायलाच हवं होतं, कारण तिन्ही रीती दुसऱ्या पाण्यासाठी बनल्यात. पाण्यात प्रकाश दोन वाटांनी जातो: काही शोषला जातो, काही कणांवर आपटून विखुरतो. अंतर वाढेल तशी ही घट घातांकी वेगाने होते आणि प्रत्येक रंगाचा दर वेगळा. स्वच्छ समुद्रात लाल रंग काही मीटरांतच संपतो, निळा सगळ्यांत खोल जातो. डायव्हरचे फोटो निळे दिसतात ते म्हणून. निल्स येरलॉव्ह या समुद्रशास्त्रज्ञाने पाण्याची जी वर्गवारी केली ती आजही वापरतात. त्यात खुल्या समुद्राचे पाच आणि किनाऱ्याचे पाच प्रकार आहेत. हतनूर धरण किंवा रावेरचा बोअर त्यात कुठे बसवणार? गढूळ, लोह असलेल्या पाण्यात गंजाचे कण निळा प्रकाश खातात. समुद्रात लाल आधी मरतो, तुमच्या बोअरमध्ये निळा.

आता रीतीगणिक पाहू. ग्रे-वर्ल्ड असं धरून चालतं की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असते. बागेच्या फोटोत हे बऱ्यापैकी खरं असतं. निळ्या केसिंगमध्ये सगळं दृश्यच निळं, मग ते निळा रंग दोष समजून काढून टाकतं आणि पांढऱ्याला नारिंगी करतं. लोखंडी केसिंगमध्ये उलट होईल: गंजच राखाडी होईल आणि तुमचा पुरावा गायब.

अंकुटी आणि सहकाऱ्यांची २०१८ ची रीत प्रसिद्ध आहे. आधी हिरव्या चॅनलवरून (चॅनल म्हणजे चित्रातली एकेका रंगाची माहिती) लालची भरपाई, मग रंगसंतुलन, मग एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या करून त्यांचं मिश्रण. ती जशीच्या तशी लावाल तर आधीच तांबूस असलेल्या फ्रेमवर आणखी लाल चढेल. गढूळ पाण्यात निळ्याची भरपाई करायची सोय त्यांनीच सांगितली आहे, ती वापरा.

डार्क चॅनल ही आणखी एक रीत, ती तुम्ही लावली नाहीत ते बरं केलंत. कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हवेतलं धुकं काढायला ती रीत मांडली. तिचा आधार असा की लांबच्या गोष्टीवर धुकं जास्त, म्हणून लांबचं उजळ. बोअरमध्ये दिवा कॅमेऱ्यालाच बांधलेला. जवळचं उजळ, लांबचं काळं. तिचा हिशोब पूर्ण उलटा होतो.

मूळ सूत्र साधं आहे. पिक्सेलवर जे दिसतं ते म्हणजे भिंतीचा प्रकाश गुणिले वाटेत उरलेला अंश, अधिक मधल्या कणांनी कॅमेऱ्याकडे उसळवलेला प्रकाश. हा दुसरा भाग वजा करायचा आणि पहिल्याला उरलेल्या अंशाने भागायचं, बस. देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रेबिट्झ यांनी २०१८ मध्ये दाखवलं की या दोन भागांना एकच गुणांक लावणं चूक आहे, दोघांचे वेगळे असतात. पुढच्या वर्षी त्यांची 'सी-थ्रू' ही रीत आली आणि तिचे निकाल बघण्यासारखे आहेत. मात्र तिला प्रत्येक पिक्सेलचं अंतर माहीत असावं लागतं. समुद्रात ते मिळवायला एकाच जागेचे खूप फोटो काढून त्रिमिती आराखडा उभा करावा लागतो. सगळं घोडं तिथे अडतं.

गिरणेचं_पाणी

मी मोजणीतला माणूस, चित्रातलं कळत नाही. पण अंतर माहीत नाही असं कसं म्हणता? पाईप सहा इंची आहे की! कॅमेरा मधोमध असेल तर भिंतीचा प्रत्येक बिंदू किती लांब ते कागदावर काढता येतं.

पांझराकाठ

गिरणा साहेब, मी लांबलचक लिहीत बसलो आणि तुम्ही दोन ओळींत गाठ सोडवलीत.

आकडे घालून बघू. सहा इंची केसिंगची आतली त्रिज्या साधारण ७५ मिमी धरा. कॅमेरा खाली बघतोय, पाईपाच्या मधोमध. अक्षापासून ३० अंशांवर जी भिंत दिसते ती १५० मिमीवर आहे. १५ अंशांवरची साधारण २९० मिमीवर. म्हणजे चित्रातलं प्रत्येक वर्तुळ हे एकाच अंतराचं कडं. सी-थ्रूला समुद्रात जे कष्टाने मिळवावं लागतं ते तुम्हाला पाईप बनवणाऱ्या कारखान्याने आधीच दिलंय.

इथे एक गंमत बघा. दिवा कॅमेऱ्यापाशी, त्यामुळे भिंतीवर पडणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो आणि लांबच्या भिंतीवर तो तिरका पडतो म्हणून आणखी एकदा अंतराने. दोन्ही मिळून घनाने. वरच्या दोन कड्यांत निव्वळ भूमितीमुळे सुमारे ७ पट फरक पडतो, तोही काचेसारख्या स्वच्छ पाण्यात. तुमची 'पांढरीफटक कड आणि काळं भोक' यातला बराच भाग गढूळपणाचा नाहीच. तो आधी भागून टाका, मगच पाण्याकडे बघा. एलईडीचा झोत सगळीकडे सारखा नसतो आणि भिंगही कडेला अंधारतं, ते कॅलिब्रेशनमध्ये (कॅमेऱ्याची आधी करून ठेवायची मोजणी) येईल.

आता कणांचा उसळलेला प्रकाश. सी-थ्रूमध्ये अंतराचे दहा गट पाडतात आणि प्रत्येक गटातले सर्वांत काळे एक टक्का पिक्सेल घेतात. कारण काळ्या वस्तूकडून काहीच प्रकाश येत नाही, तिथे जे काही दिसतं ते निव्वळ धुकं. तुमच्याकडे हे काळे पिक्सेल कुठले? उघड्या चिरा! ज्या चिरा शोधायच्या त्याच धुकं मोजून देतात.

रेवा

आणि सगळ्या चिरा बुजल्या असतील तर? किंवा साधा पाईप असेल, चिरा नसलेला? तेव्हा तुमचे 'सर्वांत काळे' पिक्सेल म्हणजे मळकट भिंत. ती धुकं म्हणून वजा होईल, आणि भिंतीवरचे जरासे गडद डाग पूर्ण काळे होऊन उघड्या चिरांसारखे दिसतील. बंद बोअर चालू दिसेल.

पांझराकाठ

रेवाताई, मुद्दा अगदी वर्मावर. म्हणून धुक्याचा अंदाज एका फ्रेमवर करायचा नाही. पाण्याचा गढूळपणा फुटाफुटाला उडी मारत नाही, खोलीबरोबर सावकाश बदलतो. जिथे खात्रीच्या उघड्या चिरा आहेत तिथे मोजायचा आणि मधल्या पट्ट्यात जोडून घ्यायचा. एखाद्या बोअरमध्ये खात्रीची चीर कुठेच नसेल तर कॅमेऱ्यापुढे एका काडीवर छोटी मॅट काळी टिकली लावून ठेवायची. ती कायम दृश्यात, कायम त्याच अंतरावर. सगळ्या अंतरांचं धुकं तिच्याने कळणार नाही, पण अंदाजाला लगाम बसेल.

प्रकाश घटण्याचा दरही फुकट मिळतो. कॅमेरा उतरत जातो तसा भिंतीवरचा एकच ओरखडा आधी लांबून दिसतो, मग जवळून. त्याची उजळता वेगवेगळ्या अंतरांवर मोजा, धुकं आणि भूमिती वजा करा, उरलेल्याचा लॉग घ्या. सरळ रेषा येईल आणि तिचा उतार म्हणजे तुमचा गुणांक. प्रकाश जातो आणि परत येतो, म्हणून अंतर दुप्पट धरायचं विसरू नका. लाल, हिरवा, निळा तिघांचे उतार वेगळे येतील.

तापीखोरे

हे वाचून कालपासून डोकं भणभणतंय, चांगल्या अर्थाने. दोन शंका. कॅमेरा मधोमध राहत नाही, लोंबकळतो. आणि काच सपाट आहे, पाण्यात कोन बदलत असतील ना?

गिरणेचं_पाणी

लोंबकळण्यावर उपाय लोखंडाचाच. कॅमेऱ्याला वाकवलेल्या पट्ट्यांचा पिंजरा बांधा, भिंतीला घासत मधोमध राहतो. थोडा हलला तरी चित्रात काळ्या भोकाचा मध्य कुठे सरकला त्यावरून दुरुस्ती करता येईल.

पांझराकाठ

सपाट काचेचं बरोबर. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. हवेत ६० अंश दिसणारा कॅमेरा पाण्यात सुमारे ४४ अंशच बघतो आणि कडेला वाकडेपणा येतो. म्हणून कॅलिब्रेशन पाण्यातच करा. केसिंगचा उरलेला तुकडा घ्या, खालचं तोंड बंद करा, आत लॅमिनेट केलेला चौकटींचा कागद गुंडाळून बसवा, स्वच्छ पाणी भरा आणि कॅमेरा सोडा. कोन, भिंगाचा अंधार, एलईडीचा झोत, सगळं एकाच व्हिडिओत मिळेल.

तिसरं_वर्ष_कॉम्प

सर, मी शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे. क्लाहे म्हणजे नक्की काय ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? पुस्तकात नुसती सूत्रं आहेत.

साक्रीकर

हे मी सांगतो, पांझरेच्या पाण्यावर वाढलोय. आपली फड पद्धत पाहिली आहेस ना? बंधाऱ्याचं पाणी सगळ्या रानावर एकदम सोडत नाहीत, फड पाडतात आणि ज्या त्या फडाला त्याच्या गरजेने पाणी देतात. क्लाहे चित्राचे असेच तुकडे पाडतं, ओपनसीव्हीत न सांगता ८ गुणिले ८. प्रत्येक तुकड्यात उजेड-अंधाराची वाटणी त्याची त्याची. एखाद्या तुकड्यात सगळे पिक्सेल जवळपास एकाच छटेचे असतील तर साधी वाटणी त्यांना ताणून ताणून नुसता कचरा दाखवते. म्हणून एक मर्यादा घालतात, तिच्यावर जे जाईल ते कापून सगळ्या छटांत सारखं वाटतात. तुकड्यांच्या सीमेवर शेजाऱ्यांचा हिशोब मिसळतात, म्हणून चौकटी दिसत नाहीत. आजच्या रूपात ही रीत १९९४ पासून आहे. ओपनसीव्हीची ठरलेली मर्यादा ४० आहे, ती फारच ढिली. लोक २-३ पासून सुरुवात करतात. तापीखोरे, तुम्ही किती ठेवली होती?

तापीखोरे

काहीच ठेवली नव्हती, म्हणजे ४० च :) आता कळलं कण का नाचत होते.

पांझराकाठ

साक्रीकर, फडाचा दाखला पुढच्या लेक्चरला वापरणार, हरकत नसावी. तापीखोरे, कणांसाठी क्लाहेच्या मागे लागू नका. आधी भिंत उलगडा. ओपनसीव्हीत वार्पपोलर आहे, त्याने गोल भिंत सरळ पट्टी होते. ती ९० अंश फिरवून घ्या: आडवी बाजू म्हणजे पाईपाभोवतीची दिशा, उभी म्हणजे खोली. मग लागोपाठच्या फ्रेम खोलीनुसार एकावर एक सरकवून बसवा आणि प्रत्येक जागेच्या सगळ्या किमतींची मध्यका (मीडियन, क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घ्या. भिंत प्रत्येक फ्रेममध्ये तीच असते, कण मात्र तरंगत पुढे गेलेला असतो. मध्यकेत तो उरतच नाही. सरासरी घेऊ नका, सरासरीत चमकत्या कणाची पुसट शेपटी राहते.

साक्रीकर

आमच्याकडे साक्री-पिंपळनेरला हे चालणार नाही बरं का. इकडे काळा पाषाण, वर थोडंसं केसिंग आणि खाली उघडा खडक. पाणी भेगांतून येतं. भिंत खडबडीत, कुठे भोक फुगलेलं. अंतराचं गणित तिथे ढोबळच राहणार. आणि भेग शोधायची म्हणजे चिरेसारखा ठरलेला आकार नाही.

पांझराकाठ

खरंय. तिथे ड्रिलच्या व्यासाचं अंतर पहिला अंदाज म्हणून घ्यायचं, त्यापुढे माणसाचा डोळा.

रेवा

आता मी भांडण काढते. मी रुग्णालयांच्या स्कॅनवर लेबलिंग करून घेण्याचं काम करते, मूळ गाव भुसावळ. इतका वेळ सगळे चित्र साफ करण्यावर बोलताय. पण मागणी आहे चिरा मोजण्याची. सेगमेंटेशनला (चित्रातला कुठला भाग काय ते वेगळं करायला) देखणं चित्र लागतंच असं नाही. साफसफाई करताना माहिती वाढत नाही, झाली तर कमीच होते. डोळ्याला आवडणारं चित्र आणि मॉडेलला सोपं जाणारं चित्र ही दोन वेगळी असू शकतात. यूसीआयक्यूई, यूआयक्यूएम असे पाण्याखालच्या चित्राला गुण देणारे आकडे आहेत ना, रंग भडक केले तरी त्यांचे गुण वाढलेले मी पाहिलेत. त्या आकड्यांवर विसंबू नका.

समुद्राचे तयार डेटासेटही नीट बघा. यूआयईबी मध्ये ९५० फोटो, त्यातल्या ८९० ना 'आदर्श' जोड आहे. पण हे आदर्श चित्र कुठून आलं? वेगवेगळ्या रीतींनी सुधारलेल्या आवृत्त्यांतून माणसांनी आवडलेली निवडली. म्हणजे पाण्याबाहेर काढून घेतलेला खरा फोटो तिथे नाहीच. सेगमेंटेशनसाठी २०२० चा एसयूआयएम आहे, दीड हजारावर फोटो, त्यात मासे, प्रवाळ, पाणवनस्पती, बुडालेली जहाजं, डायव्हर, रोबो, समुद्रतळ. यातून तुमची चीर शिकणार कशी? तुमच्या नेटवर्कने चिरा कल्पनेने काढल्या त्यात नवल नाही. जे पाहिलं नाही तिथे ते ओळखीचं काहीतरी भरतं. पैशाचा निर्णय असेल तिथे असलं मॉडेल चित्र सुधारायला लावूच नये, असं माझं स्पष्ट मत.

पांझराकाठ

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पण भौतिकशास्त्रावर आधारलेली दुरुस्ती आणि कल्पनेने भरणं एका पारड्यात घालू नका. भूमितीचा ७ पट फरक काढून टाकला तर एकच थ्रेशोल्ड (काळं-उजळ वेगळं करणारी सीमा) सगळ्या पट्टीला लागू शकतो. तो फरक तसाच ठेवून यू-नेटला (चित्राचे भाग वेगळे करणारं न्यूरल नेटवर्क) शिकवलंत तर ते पण शिकेल, फक्त त्याला तुमच्याकडे असलेल्यापेक्षा कितीतरी जास्त उदाहरणं लागतील.

रेवा

मान्य, अंतराची दुरुस्ती ठेवा. रंगरंगोटी नको. आणि मॉडेलला दोन्ही द्या, दुरुस्त पट्टी आणि मूळ पट्टी, चॅनल म्हणून जोडून. कुठल्यावर भर द्यायचा ते त्याला ठरवू दे.

तापीखोरे, पद्धत अशी ठेवा. उलगडलेल्या पट्टीत चिरा आडव्या, अरुंद आणि ठरावीक अंतरावर असतात, कारण त्या कारखान्यात यंत्राने पाडलेल्या आहेत. हे अंतर आधी शोधा. मग चीर कुठे असायला हवी ते माहीत होतं आणि प्रश्न उरतो: या जागी उघडी की बुजलेली? बुजलेली चीर दिसतच नाही, म्हणून नुसतं 'दिसेल ती चीर' मोजत बसलात तर बंद चिरांचा आकडा कधीच येणार नाही. अपेक्षित जागांतून उघड्या वजा केल्या की बंद.

उघड्या ओळखायला आधी साधा ओत्सु थ्रेशोल्ड लावून बघा, १९७९ ची रीत आहे पण दुरुस्त पट्टीवर बरीच मजल मारते. एक लक्षात ठेवा, ओत्सु नेहमी दोन गट पाडतो, चीर एकही नसली तरी. नाही पुरला तर लहानसं यू-नेट. ते २०१५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींसाठी आलं, थोड्या उदाहरणांवर शिकतं हीच त्याची ख्याती. मास्क (चीर नेमकी कुठे ते दाखवणारा रंगवलेला थर) रंगवायला मेटाचं सॅम हे मॉडेल वापरा. क्लिक केलं की कडा धरतं, हात वाचतो. पण ते जमिनीवरच्या फोटोंवर वाढलेलं आहे, त्याने धरलेली प्रत्येक कड माणसाने तपासायची.

सर्वांत महत्त्वाचं: ट्रेनिंग आणि टेस्ट वेगळं करताना फ्रेम वाटू नका, बोअर वाटा. शेजारशेजारच्या फ्रेम जवळपास सारख्या असतात. एक ट्रेनिंगला आणि दुसरी टेस्टला गेली तर गुण भरघोस येतात आणि नव्या शेतात मॉडेल तोंडावर आपटतं. एका बोअरचा सगळा व्हिडिओ एकाच बाजूला.

नवापूरचा_मासेवाला

आम्ही उकाई धरणाच्या फुगवट्यात पिंजऱ्यात मासे पाळतो. मासे मोजायला हे वापरता येईल का? पावसाळ्यात तर हातभर खालचं दिसत नाही.

पांझराकाठ

दादा, तुमचं काम जास्त अवघड. तिथे अंतर ठरलेलं नाही, मासा कधी काचेला चिकटतो कधी मागे जातो, आणि वरून सूर्यप्रकाशही येतो. दोन कॅमेरे शेजारी लावून अंतर काढावं लागेल. दिवा कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला बांधा, म्हणजे मधले कण कमी चमकतील. पावसाळ्यात कॅमेऱ्याचा नाद सोडा, गढूळ पाण्यात सोनारच (आवाजाच्या लहरींनी बघणारं यंत्र). बाकीच्या दिवसांत सेक्की तबकडी ठेवा: आलटूनपालटून काळ्या-पांढऱ्या चार भागांची, २० सेंटिमीटरची, दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. १८६५ मध्ये अँजेलो सेक्कीने समुद्रावर असाच उद्योग केला होता. दोरी किती फूट भरली की कॅमेरा लावायचा, हे तुमचं तुम्हालाच महिनाभरात कळेल.

तापीखोरे

थोडी प्रगती सांगतो. पिंजरा बसवला, पाईपाच्या तुकड्यात कॅलिब्रेशन केलं, पट्टी उलगडली, मध्यका घेतली. मध्यकेनेच निम्मं काम झालं म्हणायला हरकत नाही, पट्टी बघून मेहुणा म्हणाला, हा आपलाच बोअर आहे का? अंतराच्या दुरुस्तीनंतर वरच्या आणि खालच्या कडेची छटा जवळपास एक झाली. ओत्सु स्वच्छ भागात चालतो, तांबूस थराच्या भागात गडबडतो.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. तांबूस थर रंगावरून ओळखायचा म्हटलं तर चिरेच्या कडेला रंग सांडल्यासारखा दिसतो. कण नाहीत, फोकस ठीक आहे.

पांझराकाठ

हा डीव्हीआर. हे व्हिडिओ उजळता पूर्ण बारकाईने ठेवतात, पण रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी करतात. दोन-तीन पिक्सेल रुंदीच्या चिरेला स्वतःचा रंगच उरत नाही, शेजाऱ्याचा मिळतो. चिरेची कड उजळतेवरून ठरवा आणि थराचा रंग चिरांमधल्या रुंद पट्ट्यावरून घ्या. कॅमेऱ्याचा सिग्नल सरळ लॅपटॉपवर कमी दाबून घेता आला तर उत्तमच.

रेवा

आणि अर्धवट बुजलेल्या चिरांचं काय ठरवलंत? दोन माणसांना वेगवेगळी लेबलं लावायला सांगा आणि त्यांचे मास्क किती जुळतात ते आधी मोजा. दोन जाणत्यांचंच जुळत नसेल तर मॉडेलकडून त्याहून जास्त मागणं बरोबर नाही.

तापीखोरे

ताई, तेच करतोय. मी आणि मेहुणा वेगवेगळं रंगवतो. उघड्यावर जमतं, पूर्ण बंदवर जमतं, मधल्यावर रोज वाद. मी 'अर्धवट' असा तिसरा रंग ठेवलाय, तो म्हणतो असल्या चिरेतून पाणी येतच नाही, बंदच धर.

केळीबाग_रावेर

मेहुणा बरोबर बोलतो. पण कॉम्प्रेसर मारल्यावर अर्धवट चीर मोकळी होऊ शकते, दगडासारखी बुजलेली होत नाही. शेतकऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तिसरा रंग ठेवा. आणि कॉम्प्रेसरच्या आधी आणि नंतर, दोन्हीचा व्हिडिओ घ्या, मग अर्धवटातल्या किती सुटल्या ते तुमच्या पट्टीवरच दिसेल. माझ्या शेतात पुढच्या आठवड्यात मोटर निघणार आहे. रात्रभर थांबायला मी तयार, मेहुण्याला पाठवा.

तापीखोरे

दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. केसिंग निळं आहे की लोखंडी, आणि जाळी कुठल्या फुटापासून आहे, तेवढं बोअरवाल्याच्या वहीत बघून ठेवा.